शेवटचं पाणी

भोंगवलीच्या त्या घरात मी पहिल्यांदा गेले ती भांडायलाच, असं म्हटलं तरी चालेल. दुखणं बरं होणार नाही असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलेली माणसं असतात ना, त्यांच्या घरी जाऊन आम्ही काही बायका मदत करतो. कूस बदलायची, जखमा पुसायच्या, घरच्यांना धीर द्यायचा. नसरापूरला माझं शिवणकाम आहे. मशीन झाकते आणि एसटी धरते.

त्या घरातल्या म्हातारबाबांना गिळता येत नव्हतं. पण भेटायला आलेला प्रत्येक जण शेवटचं म्हणून पाणी पाजणारच! चमचा तोंडात गेला की बाबांना ठसका लागायचा, डोळे पांढरे व्हायचे आणि पाजणारा समाधानानं बाजूला व्हायचा. माझं डोकंच फिरलं. "पुण्य तुमचं आणि गुदमरायचं त्यांनी?" म्हणत मी सगळ्यांना बाहेर काढलं.

मग बाबांच्या सुनेला दाखवलं. मान उंच करायची, कापसाचा स्वच्छ बोळा भिजवून पिळायचा आणि ओठांवरून हलकेच फिरवायचा. तिचा हात लगेच बसला. "पर ताई, थोरली माणसं आली तर म्या कसं बोलू?" ती म्हणाली.

"मी रोज नसते इथं. तू असतेस," मी जरा तडकूनच म्हटलं.

पुढच्या खेपेला गेले तर घर माणसांनी भरलेलं. बाबांची घरघर सुरू झाली होती. किकवीहून त्यांचे थोरले भाऊ आले होते, हातात पाण्याचा तांब्या. मी उंबऱ्यातूनच ओरडणार, एवढ्यात डोक्यावरचा पदर सावरत सून पुढं झाली.

"आण्णा, तांब्या ठिवा. ह्यो बोळा घ्या. घशात पानी गेलं की जीव लई घाबरतो त्यांचा."

"आता सुना शिकवनार व्हय आमाला?"

"व्हय," ती म्हणाली. बोळा धरलेला हात तिनं मागं घेतला नाही.

आण्णांनी भावाकडं बघितलं, तांब्या बाजूला ठेवला. मग खाली बसले, बोळा ओठांना लावला. बाबांनी तो हळूच चोखला. ठसका लागला नाही. आण्णा रडायला लागले. मग बाकीचेही एकेक करून तसंच पाणी लावून गेले. माझ्या पोरीच्या निकालालासुद्धा मला एवढा अभिमान वाटला नव्हता, खरं सांगते.

बाबा त्याच आठवड्यात शांतपणे गेले. दहाव्याला नदीकाठी आण्णांनी सुनेला पुढं बोलावलं आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाले, "माझा भाऊ जाताना गुदमरला न्हाई. हिच्यामुळं."