पावती नसलेल्या चार रात्री

मेलबर्नच्या थंडीला कंटाळलेली म्हातारी गोरी जोडपी जून लागला की कॅरॅव्हॅन जोडून उत्तरेला, क्वीन्सलँडच्या उन्हाकडे निघतात. त्यांना मी पंचवीस वर्षं टायर विकले. डँडेनॉन्ग उपनगरातल्या माझ्या दुकानात बसून ती नकाशा उघडायची, कुठल्या रात्री कुठे थांबायचं यावर वाद घालायची. मी नट आवळता आवळता ऐकायचो. एक दिवस आपणही जाऊ, असं वाटायचं. गेलो, पण महामारीच्या पहिल्या हिवाळ्यात, आणि हौसेने नाही.

मुलीचं पहिलं बाळंतपण होतं. ती आणि जावई क्वीन्सलँडमध्ये, ब्रिस्बेनला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं हे बायकोचं ठाम मत. मुलीला इकडे येता येत नाही म्हटल्यावर तिने ठरवलं की आपणच तिकडे जायचं. दिवस भरायला चार आठवडे होते. तेवढ्यात मेलबर्नमध्ये रुग्ण वाढले आणि क्वीन्सलँडने आम्हाला दार लावलं. एकच फट उरली होती. मागचे चौदा दिवस आमच्या व्हिक्टोरिया राज्याबाहेर काढल्याचं दाखवलं, तर आत घेत होते. मधलं न्यू साउथ वेल्स अजून उघडं होतं, पण किती दिवस, ते कोणी सांगत नव्हतं.

माझ्याकडे मोटरहोम होती. आदल्या वर्षी एका निवृत्त प्लंबरकडून घेतलेली, जुनी पण इंजिन घड्याळासारखं. तीन वेळा निघून जायचं नाटक केलं, तेव्हा कुठे तो माझ्या भावावर आला. मी ठरवलं, आजच निघायचं. तीन दिवसांचा रस्ता चौदा रात्रींत ताणायचा. टायरच्या जाहिरातीचा जुना कागद उलटा करून मी टेबलावर मुक्काम मांडले. कुठे दोन रात्री, कुठे तीन, कुठे वीज मिळेल, कुठे नुसतं मोकळं मैदान.

जावयाचा फोन आला. "बाबा, प्रत्येक रात्रीची पावती ठेवा हां. बॉर्डरवर प्रूफ मागतात."

"बरं."

"आणि ती जुनी व्हॅन एवढं झेपेल ना? म्हणजे, नो ऑफेन्स."

या माणसावर माझा राग तीन वर्षांचा. लग्नात माइक हातात घेऊन तो म्हणाला होता, "माय फादर-इन-लॉ इज द ओन्ली मॅन हू गॉट अ डिस्काउंट फ्रॉम द भटजी." दोनशे माणसं हसली. भटजींना मी ठरल्यापेक्षा जास्त दक्षिणा दिली होती. डिस्काउंट घेतला होता तो हॉलवाल्याकडून. पण हसू तर होऊन गेलं. महिन्याचा पगार आपोआप खात्यात येणारा हा मुलगा आता मला पावती ठेवायला शिकवत होता.

राज्याच्या सीमेवरचा मरे नदीचा पूल ओलांडला आणि दोनच दिवसांनी तोही बंद झाला. मी खूश होतो. पहिला मुक्काम नदीपलीकडच्या एका छोट्या गावातल्या जत्रेच्या मैदानावर. रखवालदार म्हातारा, टोपीवर धूळ. चार रात्रींचं भाडं त्याने सांगितलं. माझ्या तोंडून पंचवीस वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "कॅश देतो, बिल नको. किती कमी करशील?"

तो हसला. "यू इंडियन, मेट?"

"बिझनेसमन," मी म्हणालो.

चांगला भाव मिळाला. बायको आत डिंकाच्या लाडवांचा डबा कपाटात घट्ट बसवत होती. तिने खिडकीतून विचारलं, "अहो, पावती?"

"पुढच्या ठिकाणी घेऊ. चार रात्रींनी काय होतंय?"

पुढे सगळीकडे पावती मिळाली, कारण पुढे कोणी माझ्याशी भावच केला नाही. व्हिक्टोरियाची नंबर प्लेट बघून दोन कॅरॅव्हॅन पार्कवाल्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. तिसऱ्याने घेतलं, पण सगळ्यांपासून लांब, कचऱ्याच्या डब्यांमागे. त्याची बायको हातात टेप घेऊन आली आणि म्हणाली, या झाडाच्या पुढे यायचं नाही. दुकानात मला असं कोणी बोललं असतं तर मी त्याची गाडी जॅकवर तशीच ठेवली असती. इथे गप्प बसलो. भांडून जाणार कुठे? मागचा पूल बंद, पुढचा अजून उघडायचा. मध्ये सहा मीटरचा डबा आणि आम्ही दोघं.

घरात भांडण झालं की मी गराजमध्ये जायचो. व्हॅनमध्ये भांडण झालं की मी ड्रायव्हरच्या सीटवर जायचो, आणि तिथून तिची पाठ तीन हातांवर दिसायची. ती आपल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवत बसायची. सकाळी काचेवर आतून पाणी, बाहेरून बर्फ. पलंग मिटल्याशिवाय टेबल उघडत नसे, म्हणून ती उठल्याशिवाय मला चहा नाही. एकदा मी लाडवाच्या डब्याला हात लावला तर म्हणाली, "ते तिचे आहेत. तुम्ही बाळंत झालाय का?" रोज मी कागदावरची एक रात्र खोडायचो. कैदी भिंतीवर रेघा ओढतात, तसं.

चौदा रात्री संपल्या त्या सकाळी आम्ही क्वीन्सलँडच्या हद्दीवर, गुंडिविंडीच्या पुलाशी रांगेत लागलो. बायकोने चांगला ड्रेस घातला होता. तरुण पोलिसाने ऑनलाइन काढलेला प्रवेशाचा पास पाहिला, पावत्या चाळल्या, पुन्हा चाळल्या.

"सर, या दहा रात्रींच्या आहेत. आधीच्या चार कुठे होतात?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"काही प्रूफ? कार्ड? डिझेल?"

डिझेल मी मेलबर्न सोडतानाच कूपन वापरून स्वस्तात भरलं होतं. किराणा सगळा घरचा. कार्डाला मी हातच लावला नव्हता. मी त्याच्यासमोरच रखवालदाराला फोन लावला, स्पीकरवर. म्हाताऱ्याला मी लगेच आठवलो. एवढं लिहून पाठव, मी म्हणालो.

"कॅश जॉब होता, मेट. तू इथे नव्हतासच."

माझा आवाज चढला. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पोलीस शांतपणे म्हणाला, "सर, चार रात्री आणखी काढा, पावती आणा, नो वरीज." आणि हाताने गाडी वळवायची खूण केली. मागे तीसेक गाड्या बघत होत्या.

पुलाच्या अलीकडे, पेट्रोल पंपामागे जागा मिळाली. मी न मागता पूर्ण भाडं दिलं आणि पावती घेतली. बायकोने मुलीला फोन लावला. मी सीटवरून ऐकत होतो. आता माझी लक्तरं ब्रिस्बेनला पोचणार, याची खात्री होती.

"अगं, गाडी बंद पडलीय," ती म्हणाली. "इंजिनचं काहीतरी. चार दिवस लागतील म्हणतात. नाही, बाबा बरे आहेत. तू पाय वर घेऊन बस बघू."

फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे बघत राहिलो.

"त्या दिवशी माइकवरचं मलाही लागलं होतं," ती म्हणाली. "त्याला आणखी एक गोष्ट कशाला द्यायची?" मग ती पाठ फिरवून झोपली. भर दुपारी.

दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या, तारखेच्या बारा दिवस आधी. व्हिडिओ कॉलवर जावयाचा मास्क लावलेला चेहरा, मागे मुलीचा आवाज, "आई आली का? इज शी हिअर?" आई पेट्रोल पंपामागे होती, गाडीने चार तासांवर. संध्याकाळी नात झाली. तिला दवाखान्याच्या पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं आम्ही फोनवर पाहिलं. शिवलेली सात दुपटी बायकोच्या मांडीवर होती. ती रडली नाही. तिने ती पुन्हा घड्या घालून ठेवली आणि म्हणाली, "आता कसली घाई नाही."



नात आता बोलते, इंग्रजीतच. जावई दर हिवाळ्यात फोनवर म्हणतो, "बाबा, ती व्हॅन विकून टाका. ऐन वेळी दगा दिला तिने. मी तेव्हाच म्हटलं होतं." ती व्हॅन आजवर एकदाही बंद पडलेली नाही. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा. तिच्या बाजूने मी एक शब्द बोललो, तर पुढचा प्रश्न येईल: मग चार दिवस काय झालं होतं?

बायको तेव्हा शेजारीच भाजी निवडत असते. मान वर करत नाही.

"हो," मी म्हणतो. "बघतो गिऱ्हाईक."