एका घासाची ब्राउनी

आमच्या आत्याकडे ओव्हन नाही, म्हणून ती ब्राउनी करते आप्पेपात्रात. एकेका वाटीत चमचाभर चॉकलेटचं घट्ट पीठ, की ब्राउनी होते बरोबर एका घासाची. काल मी ओट्यापाशी उभी राहून बघत होते. पीठ घालून झालं आणि ती प्रत्येक वाटीत सुक्या अंजिराचा एक तुकडा ठेवून अंगठ्यानं हलकेच दाबू लागली.

"अगं, सगळे तुकडे पिठातच कालव की! किती वेळ लावतेस," मी म्हटलं.

"कालवले तर एकाला तीन जातात आणि एखाद्याला काहीच येत नाही," ती मान वर न करता म्हणाली.

मला तिचे लाडू आठवले. वळून झाला की प्रत्येक लाडवावर ती असाच एक बेदाणा दाबते. इतकी वर्षं मला तो शोभेचा वाटत आला. खाणाऱ्याचा वाटा नशिबावर सोडायचा नाही, हा हट्ट धरून ही बाई जन्मभर रांधत आली आहे, आणि तसं तिनं कधी बोलूनही दाखवलेलं नाही.

एका वाटीत मात्र अंजीर नव्हतं. मी बोट दाखवलं. "ही विसरलीस बघ."

"ती तुझी. शिऱ्यातले बेदाणे तू अजून ताटाच्या कडेला काढून ठेवतेस, ते काय मला दिसत नाही?"

आणि झाकण ठेवण्याआधी तिनं त्या रिकाम्या ब्राउनीवरही अंगठा हलकेच टेकवला.