ट्रॅक्टरचं बाशिंग

पोळ्याच्या आदल्या दिवशी वडवणीजवळच्या आमच्या शाळेत दिंद्रुडची एक कुंभारीण दुसरीच्या पोरांना मातीचे बैल शिकवायला आली होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. पोरांची ती मावशी.

मातीत कापूस मळून तिने प्रत्येकाला गोळा दिला आणि आपले हात पाठीमागे धरले. एकाही बैलाला तिने बोट लावलं नाही. कुणाचा बैल कोसळला, की उकिडवी बसून विचारायची, "का म्हून बसला रं ह्यो?" पोरगं विचार करायचं आणि पाय जाड करायचं.

मला कुठला एवढा धीर! एका पोरीने चक्क ट्रॅक्टर केला होता. "बैल कर," म्हणत मी तो मोडायला घेतला.

तेव्हा मावशीचे हात पहिल्यांदा पुढे आले. ट्रॅक्टर माझ्याकडून काढून घेत ती म्हणाली, "गुर्जी, तिच्या घरी बैल हाय का, इचारलं का तुमी? जे राबतं, त्येचाच पोळा."

दुपारी बैलांना बेगडाची बाशिंगं बांधली. ट्रॅक्टरचं मी स्वतः केलं. वाकडंच होत होतं. ती पोरगी शेजारी उभी होती, हात पाठीमागे धरून.