कुसुमचा फोटो काढायला धामणगाव बढेला

परवा एका वाचकानं विचारलं, ‘आजोबांचा दोन भिंगांचा जुना कॅमेरा सापडलाय, त्यावर आणखी काय काय बसवून घेऊ?’ याचं उत्तर मी तरुणपणी बुलढाणा जिल्ह्यात शिकून आलो. फी बरीच पडली, म्हणून इथे फुकट देतो.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी पुण्यात चित्रकला शिक्षक होतो आणि जुन्या बाजारातून तसला एक कॅमेरा घेतल्यापासून स्वतःला कलावंत समजत होतो. या कॅमेऱ्याला एकाखाली एक असे दोन डोळे. वरच्यातून आपण बघायचं, खालच्यातून फोटो पडणार. एवढ्यानं माझं भागेना. पिवळी काच, उन्हाची टोपी, बटण दाबायची लांब वायर, तिपाई आणि अगदी जवळचं टिपायला एक जोडभिंग (एक वरच्या डोळ्यावर चढवायचं, एक खालच्या) असं सगळं घेतलं. फक्त चांगला फोटो तेवढा अजून आला नव्हता.

अशात ताईचं पत्र आलं. ताई धामणगाव बढेला दिलेली. तिची नणंद कुसुम हिला जळगाव जामोदचं स्थळ आलं होतं आणि मुलाकडच्यांना आधी फोटो हवा होता. ‘तुझा तो डबा घेऊन ये,’ ताईनं लिहिलं होतं. कलावंताला आमंत्रण असं येतं.

मनमाडला गाडी बदलून मलकापूर गाठलं. तिथून मोताळ्याची एस.टी. आणि मोताळ्याहून धामणगावची. जाणार असाल तर वेळापत्रक विचारू नका, कंडक्टर दुखावतो. कच्च्या रस्त्यावर तिपाई तीनदा शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायावर पडली. शेवटी तो म्हणाला, “मोजणीवाले हाये का तुमी? धरण होऊन राह्यलं काय?” मी फोटोग्राफर असल्याचं सांगितलं, तर त्याचा माझ्यातला रसच संपला.

संध्याकाळी वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. या जेवणासाठी मात्र खुशाल जा. मिरचीबद्दल मी आधी सांगितलं नव्हतं, असं नंतर म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींसोबत शेतात गेलो. कापूस वेचणीला आला होता. बारा फोटोंचा एकच रोल मिळाला होता, तरी कलेपायी पहिला फोटो कापसाच्या बोंडाचा काढला, जोडभिंग लावून. मग वरचं भिंग काढून खिशात टाकलं आणि तेवढ्यात दाजींनी हाक मारली.

घरी आलो तर कुसुम ताईची निळी साडी नेसून तुळशीपाशी तयार. वय वीस, बारीक अंगाची, दात थोडे पुढे. म्हणून ताईनं तिला सक्त बजावलं होतं, “तोंड मिटून उभी राहा.” मी तिपाई रोवली, टोपी चढवली, वायर जोडली. वरून काचेत कुसुम अगदी लख्ख दिसत होती. दहा पावलांवरून, तोंड मिटलेली, मी तिचे दहा फोटो काढले. दर फोटोला हनुवटी वर, हनुवटी खाली. माझा रुबाब पाहायला अर्धी गल्ली जमली होती.

अकरा झाले तशी कुसुम सरळ चालत आली आणि वाकून भिंगांकडे पाहू लागली. हातभरावर तिचं तोंड.

“भाऊ, खालच्या डोळ्याले जास्तीची काच काऊन हाये? वरच्याले तं नाई.”

“ते फोटोग्राफीत असतं,” मी म्हणालो.

तिला हसू फुटलं, दात आणि हिरड्यांसकट. मी दचकलो आणि हातातल्या वायरीचं बटण दाबलं गेलं. बारावा फोटो वाया गेला म्हणून ताई माझ्यावरच चिडली.

तिसऱ्या दिवशी दाजी आणि मी मलकापूरला रोल धुवायला. स्टुडिओवाल्यानं ओली फिल्म उजेडात धरली. “सायेब, पोरगी धुक्यात उभी केली व्हती काय?” दहाच्या दहा फोटोंत निळ्या साडीचा एक धूसर खांब. खालचं भिंग मी काढलंच नव्हतं, त्यामुळे मला वरून दिसलेलं फिल्मवर उतरलंच नाही. कुसुमनं बोट ठेवून दाखवलं होतं, आणि मी तिला फोटोग्राफी शिकवली होती. भिंगाच्या टप्प्यात होते ते दोनच फोटो स्पष्ट: कापसाचं बोंड आणि हसणारी कुसुम.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दुसरा रोल मलकापुरात नव्हता आणि मुलाकडच्यांना फोटो उद्याच द्यायचा ठरला होता. दाजींनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. “बोंड देऊन नाई चालत,” ते म्हणाले, आणि हसरा फोटो खिशात ठेवला.

नांदुऱ्यावरून जळगाव जामोद. सातपुडा समोर दिसतो, देखणा आहे म्हणे. मी बूट पाहत होतो. मुलाच्या वडिलांनी फोटो खिडकीपाशी नेला.

“पोरगी हसून राह्यली.”

“घरीबी हसते,” दाजी म्हणाले.

“आमच्याकडं असं चालत नाई.”

चहा घेऊन आम्ही उठलो. परतीच्या एस.टी.त मी तीनदा माफी मागितली. दाजी चौथ्यांदा ऐकायला जागे नव्हते.

कुसुम दारातच होती. मी सगळं सांगितलं, तिच्या प्रश्नाला दिलेल्या माझ्या थोर उत्तरासह.

“हसणारी त्याईले नाई पाह्यजे, हे आजच कळलं ना?” ती म्हणाली. “लगनानंतर कळलं असतं मंग?” डोळे मात्र भरलेले होते. ते पुसून ती ताईला म्हणाली, “वहिनी, आता यानंतर ज्याले धाडाल त्याले हाच फोटो धाडजा.”

पुण्याला येऊन मी सगळी अवजारं विकली आणि नुसता कॅमेरा ठेवला. वाचकमित्रा, तुला हेच सांगायचं होतं. पण आता लिहिलंच आहे तर पुढचंही ऐक. तो फोटो आणखी दोन घरांतून परत आला. दर खेपेला ताईचं कार्ड यायचं आणि मला त्या दिवशी जेवण जायचं नाही. चौथ्यांदा मोताळ्याचा एक शाळामास्तर फोटो खिशात घालून स्वतःच धामणगावला आला. पाणी प्यायच्या आधी त्यानं विचारलं, “ह्या कायले हसल्या व्हत्या?”

कुसुमनं सांगितलं.

लग्नात तिनं माझी ओळख करून दिली, “हेच ते.” नवरदेव हसायला लागला, मग त्याची आई, मग मांडवभर सगळे. त्या घरात मला आजतागायत कोणी फोटोग्राफर म्हणालेलं नाही. कुसुम कशाला हसली होती, तर याला, एवढीच माझी ओळख. तिथे गेलो की अजून भरीत आधी माझ्या ताटात पडतं.