बसलेली पंगत

मुलांनो, तुमच्या वर्गात प्रत्येकाला वेगळं टेबल आहे असं तुमची आई सांगत होती, म्हणून शिंदेबाईंबद्दल लिहिते. वर्गात शिरल्या की त्या हजेरीआधी मुलांचे गुडघे बघत. "कुनाचा गुडघा कुनाच्या पाठीत रुततोय? पाठ दुखली की पाढा पळतो," म्हणत.

जामखेडजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी शिक्षिका होतो. बहात्तरचा दुष्काळ होता. शाळेत खायला सुकडी मिळे, म्हणून खडी फोडायला जाणाऱ्यांची मुलंही येऊ लागली. गावातली मुलं बाकांवर बसत. नवी मुलं, त्यात बौद्धवाड्यातली बरीच, दारापाशी दाटीवाटीनं. हिरा नावाची मुलगी तर उंबऱ्यावरच बसे. येणारा-जाणारा तिच्या पाटीवरून पाय टाकी. हेडमास्तर म्हणाले, "जागा नाही. सोमवारी नव्या मुलांची नावं कमी करा."

"जागा हाय गुरुजी. ती बाकांनी खाल्लीय," बाई म्हणाल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी बाकं ओढून लांबीत जोडली. सोमवारी सगळी मुलं खाली, बाकांच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बसली, पाट्या बाकांवर. एकही मूल दाराबाहेर उरलं नाही. आबांचा नातू आणि हिरा एकाच फळीवर लिहू लागले.

आबा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. बाकं त्यांनीच वडलांच्या स्मरणार्थ दिलेली. दुपारी ते दारात येऊन उभे राहिले, मागे हेडमास्तर.

"बाई, बाकं बसायला दिली व्हती. आन् कुनासमोर कोन बसवलंय हे? उठवा त्यांना."

बाई मुलांच्या ओळीत शिरल्या आणि खाली बसल्या. "आबा, तुमच्या वडलांच्या तेराव्याला गाव जेवलं. बसल्या पंगतीतनं कुनाला उठवलं हुतं का?"

"ती पंगत निराळी."

"ही बी पंगतच. उठवायचंच असंल तर तुमी उठवा. माझ्यापासनं सुरू करा."

आबा हिराकडे बघत राहिले. तिनं पाटी छातीशी धरली होती. शेवटी ते नातवावर खेकसले, "नीट बस. पाय पसरू नगं!" आणि निघून गेले.

मुलांची नावं राहिली. बाईंची मात्र मे महिन्यात राहात्याला बदली झाली. एसटी स्टँडवर मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

"लई वाटली, ताई. पाय लटलटत हुते, म्हनून तर खाली बसले."

जूनमध्ये तो वर्ग माझ्याकडे आला. सुट्टीत शिपायानं झाडलोट करून बाकं पुन्हा रांगेत लावली होती. मुलं आली, दप्तरं कोपऱ्यात टाकली आणि मला न विचारताच बाकं ओढू लागली. एका टोकाला आबांचा नातू, दुसऱ्या टोकाला हिरा.

"बाई, जरा सरका की," ती धापा टाकत म्हणाली. "तुमचं टेबल लई आडवं येतंय."