हात न लावता

सत्तरच्या दशकात मी दूरच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होतो. तिथलं यंत्र अणूंचे कण भन्नाट वेगाने पळवायचं. कणांचा तो झोत किती रुंद, कुठे सरकला, हे कळायला आधी आम्ही त्याच्या वाटेत बारीक तार धरत असू. झोत जोराचा असला की तार लाल होऊन तुटायची, झोतही विस्कटायचा. मग आम्ही तारच काढून टाकली. झोत ज्या नळीतून जातो तिच्यातली हवा कितीही उपसली तरी थोडी उरतेच, आणि झोत गेला की ती मंद उजळते. तो उजेड काचेतून टिपायचा, त्यावरून झोत मोजायचा. मध्ये पडायचं नाही. मला या कामाचा भारी गर्व होता.

अनसिंगजवळच्या आमच्या गावी सुट्टीवर आलो तेव्हा थोरल्या भावाला हे सगळं सांगितलं. आमची दोन एकर तोच कसायचा. माझं शिक्षण त्याच्याच घामावर झालं.

"म्हंजे तू नुसता पाह्यत बसतं अन् सरकार तुले पगार देते?" तो हसत म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी शेजारच्या शेताच्या मालकाने आमचा धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, नांगरायला घेतला. आम्ही बौद्ध, तो गावातला बडा. त्याला हद्दीची पर्वा नव्हती. भाऊ बैलांसमोर आडवा उभा राहिला. मालक आणि त्याचे दोन पुतणे त्याच्यावर तुटून पडले. मी शंभर पावलांवर, बाभळीखाली. पहिली काठी खांद्यावर, दुसरी पाठीत. मग मालकाने स्वतः कुऱ्हाडीचा दांडा मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. भाऊ तोंडावर पडला, तशा लाथा सुरू झाल्या.

"अरे, ये ना!" तो ओरडला.

माझे पाय हलेनात. डोळे मात्र कामाला लागले होते: कोणी मारलं, कशाने, कुठे. सांगायला लाज वाटते, पण एकही घाव माझ्या नजरेतून सुटला नाही. ते निघून गेल्यावर मी धावलो. आजही तो दांडा आठवला की माझ्या मुठी वळतात. आता वळून काय उपयोग?

ठाण्यात मालकाने उलटी तक्रार दिली होती, की भावानेच आधी हात उचलला. माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. मी खरं बोललो नाही तर भाऊ आत जाणार, हे उघड होतं. फौजदाराने माझी नोकरी विचारली.

"मग सांभाळून बोला. अशा प्रकरणात नाव आलं की सरकारी माणसाची चौकशी लागते."



"लांब होतो," मी म्हणालो. "ऊन डोळ्यांवर होतं. नीट दिसलं नाही."

भाऊ मोडका हात मांडीवर घेऊन बाकावर बसला होता. तो माझ्या कानफटात देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. पण तो फौजदाराकडे वळला.

"लिहा साहेब, मीच आधी हात उचलला. याले यात ओढू नका. आमच्या घरात हा एकटाच शिकेल हाय."