वॉटर पंपाखालचं भोक

नोएडातल्या त्या मिस्त्रीचं नाव मी विचारलंच नाही. संध्याकाळी पानिपतला विणकरांची सभा होती, भाषण माझं होतं, आणि बाइकच्या वॉटर पंपाखालून इंजिन थंड ठेवणारं हिरवं कूलंट ठिबकत होतं. त्यानं थेंब बोटावर घेऊन हुंगला, मग पंपाखालच्या बारीक भोकातून अर्धवट सुटलेली पुट्टी खरवडून काढली. आधीच्या गॅरेजवाल्यानं गळती थांबवायला चक्क भोकच बुजवलं होतं! मी भडकलो. ही फसवणूक आहे, यांच्याविरुद्ध पत्रकं वाटली पाहिजेत!

"नेताजी, पहले टॉर्च पकड़ो."

मी निमूट धरली. इंजिन ऑइल दुधाळ झालेलं नाही, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही, हे पाहून तो हसला. "सील खराब हो तो ये छेद बाहर रोता है. इसका मुँह बंद करोगे, तो पानी इंजन में जाएगा."

तक्रार करणाऱ्यांची तोंडं दाबणाऱ्या तमाम साहेबांना हे ऐकवायला हवं.

नवा पंप बसवून त्यानं इंजिन चांगलं तापू दिलं आणि भोकाखाली तळहात धरून गुणगुणत बसला. हात कोरडाच राहिला.

"जाओ, अब जी भर के चिल्लाओ."

वेळेत पोचलो, आणि मनसोक्त ओरडलो.